पालथ्या बाई

त्या पेशंटला मारत. वॉर्डात हे सगळ्यांना माहीत होतं. तक्रार कोणी केली नाही, कारण तक्रार करण्याएवढा दम तिथे कोणाकडेच नव्हता. पाठीवर, मांडीवर, तळपायावर त्यांचा पंजा बसे आणि हातमोज्यामुळे त्याचा आवाज फुगवलेली पिशवी फुटल्यासारखा येई. मागोमाग हुकूम येई, "पालथा हो!" पोटावर झोपलं की पाठीकडच्या फुप्फुसात हवा जाते, हे त्या एकदा समजावून सांगत. दुसऱ्यांदा हात चालवत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, चाकणच्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं. पेशंट, वॉर्डबॉय, खालच्या मजल्यावर ताटकळणारे नातेवाईक, सगळे त्यांना पालथ्या बाई म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलं होतं. "नाव चांगलंय," त्या म्हणाल्या, "ऐकलं की निदान काय करायचं ते तरी कळतं."

बाई भूलतज्ज्ञ होत्या. मूळच्या अंबाजोगाईकडच्या, वय पन्नाशीच्या पुढे, उंची इतकी बेताची की खाटेशी काम करताना पायाखाली लाकडी पाट घेत. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत प्रेसखाली गेलेल्या हातांना त्यांनी वीस वर्षं भूल दिली होती. तुटलेलं बोट रुमालात घेऊन आलेला माणूस टेबलावर आडवा होता होता 'सेकंड शिफ्टला जाता येईल का' असं विचारतो, हे त्यांनी अनेकदा ऐकलं होतं. "कामगार कधी दुखतंय म्हणत नाही," त्या सांगत. "मशीन बिघडलंय म्हणतो. आपण त्याच्याकडे बघायचं." आजाराच्या लाटेत त्यांच्यापुढे आलेले बहुतेक पेशंट याच पट्ट्यातले होते. कोणी वेल्डर, कोणी फिटर, कोणी गोदामातला हमाल.

त्या विभागात मारामारी रोजची होती. एका वेल्डरने तोंडावरचा मास्क ओरबाडून काढला, सलाइनचा लोखंडी स्टँड उपटला आणि वॉर्डबॉयच्या भुवईवर घातला. दोघेजण त्याचे हात बांधायला पट्ट्या घेऊन धावले. बाईंनी त्याच्या कोपरावर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी मास्क त्याच्या तोंडावर दाबून धरला. "बांधू नका," त्या ओरडल्या. "मारायलाय म्हणजे मेंदूला हवा पुरेना झालीय. आधी हवा वाढवा!" त्याने मास्कखालून त्यांच्या मनगटाजवळ चावा घेतला. पाचेक मिनिटांत तो शांत झाला आणि त्याने पाणी मागितलं. बाईंनी फाटलेली बाही वर करून दातांचे व्रण पाहिले. "दात पक्के आहेत," सिस्टरला म्हणाल्या, "नळी घालायची वेळ आली तर ध्यानात ठेव."

नळी घालायची वेळ ओळखणं, हेच त्यांचं खरं काम होतं. विषाणूने फुप्फुसं भरली आणि साधा ऑक्सिजन पुरेनासा झाला की तीन वाटा उरत. पहिली म्हणजे नाकात दोन जाड नळ्या बसवून गरम, ओलसर ऑक्सिजन जोराने सोडणं. यात पेशंट बोलू शकतो, जेवू शकतो. दुसरी म्हणजे पट्ट्यांनी चेहऱ्याला आवळलेला मास्क. त्यातून यंत्र हवा आत रेटतं आणि कोणीतरी तोंड दाबून धरल्यासारखं वाटतं. तिसरी म्हणजे भूल देऊन श्वासनलिकेत नळी आणि पुढे व्हेंटिलेटर. नळी घाईने घातली तर जो तिच्याशिवाय तरला असता तोही जाऊ शकतो. उशीर झाला तर नळी जाईपर्यंत हृदय थांबतं. "लवकर घातली तरी मी मारते, उशिरा घातली तरी मीच मारते," बाई म्हणत. "मधे एखादा तास असतो. तो सापडला पाहिजे."

तो तास शोधण्याची त्यांची स्वतःची रीत होती. पेशंटला त्या तब्येत विचारत नसत, काम विचारत. कंपनीत काय बनतं, मशीन कुठलं, शिफ्ट कोणती. माणूस उत्साहाने सांगू लागे आणि बाई एका दमात निघणारे शब्द मोजत. सहा-सात निघाले तर नाकातल्या नळ्या तशाच राहत. तीनवर आला की घट्ट मास्क. एकेक शब्द तोडून बोलू लागला की सिस्टर न सांगता नळीचा ट्रे उघडत. मग दुसरा प्रश्न असे, तो सिस्टरला. "अलार्म किती वेळा वाजला?" बोटाच्या चिमट्यातून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा मॉनिटर प्रत्येक उशाशी होता, आणि आकडा घसरला की तो वाजे. "मी दिवसातून चारदा बघते," बाई म्हणत. "तो डबा सारखा बघतो. त्याला विचारल्याशिवाय मी ठरवत नाही."

वार्तांकनासाठी मला त्या विभागात थोड्या दिवसांची परवानगी मिळाली होती. तिसऱ्या दिवशी पाच नंबरच्या खाटेवर माझा धाकटा भाऊ नितीन दाखल झाला. बाईंनी मला बाजूला घेतलं. "रडायचं असेल तर खाली जा. राहायचं असेल तर वही धर. मी विचारते, तू शब्द मोज." वही मी धरली. नितीन काळेवाडीत राहायचा आणि चाकणच्या एका कंपनीत मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या लाइनवर सुपरवायझर होता. दोन दिवस तो नाकातल्या नळ्यांवर होता. चार नंबरच्या खाटेवर दुसऱ्या एका कंपनीच्या पेंट शॉपमधला एक कामगार होता. त्याच्याशी त्याचं जमलं होतं. दोघे पालथे पडून एकमेकांच्या कंपन्यांच्या कँटीनला नावं ठेवत.

तिसऱ्या सकाळी बाई त्याच्या उशाशी आल्या.

"काय रे लाइनवाल्या, काल किती माल काढला?"

"माझ्या शिफ्टला लाइन कधी थांबत नाही, मॅडम."

मी वहीत सात लिहिलं. बाईंनी सुनंदा सिस्टरकडे पाहिलं.

"अलार्म?"

"एकदाही नाही, मॅडम. काल दुपारपासून एकदाही नाही."

"मग नाकातच राहू दे. पालथा हो." आणि मांडीवर एक चापट.

त्या दिवसांत व्हेंटिलेटरला वेगळाच मान आला होता. ज्याची ओळख आहे त्याला मिळतो, अशी लोकांची समजूत होती, म्हणून ओळख असलेला प्रत्येकजण तो मागत असे. नितीनचे दोन मेहुणे राजगुरुनगरच्या पुढच्या गावातून सकाळीच आले होते. थोरल्याने गाडीतून उतरायच्या आधी कुठल्यातरी नेत्याला फोन लावून ठेवला होता. बाई राउंड संपवून जिन्याने खाली येताच दोघांनी त्यांना गाठलं.

"मॅडम, सायबांचा फोन आला न्हाई का तुमाला?" थोरला म्हणाला. "वर एक मशीन मोकळं हाय. आमाला समदं ठाव हाय."

"हो, मोकळं आहे."

"मंग लावा की आमच्या दाजीला."

"मोकळं आहे म्हणून लावू? तो बोलतोय, जेवतोय. घशात नळी गेली की ती निघेलच, असं मी कोणाला लिहून देत नाही."

"का दुसऱ्या कुनासाठी राखून ठिवलंय?" धाकटा मध्येच बोलला. "मोठ्या मानसासाठी?"

"ज्याला लागेल त्याच्यासाठी."

"दाजीला काय झालं तर आमी हितंच हाय," थोरला म्हणाला. "ध्यानात ठेवा."

"मीपण इथंच आहे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा वर गेल्या.

दुपारी चारच्या राउंडला त्या दारातच थबकल्या. नितीन उताणा झाला होता आणि त्याची पावलं चादरीबाहेर आली होती. नखं निळी होती. बाई पळत गेल्या. तळपायांवर एक, दोन, तीन फटके मारले. त्याने डोळे उघडले.

"लाइनवर काय बनतं? बोल! काय बनतं?"

"बिजा..."

मी वहीत काही लिहिलं नाही. मॉनिटरवरचा आकडा साठच्या खाली होता आणि मॉनिटर गप्प होता. आपल्यापैकीच कोणीतरी आवाज बंद केला असेल, असं प्रत्येक सिस्टरला वाटलं. बाईंनी घट्ट मास्क चढवायला सांगितला, भुलीची औषधं भरायला सांगितली आणि संमतीच्या सहीसाठी नितीनच्या बायकोला वर बोलावलं. दोन मिनिटांचं काम होतं. बायकोच्या मागून तिचे दोन्ही भाऊ वर आले.

"आता नळी घालावी लागेल," विभागाच्या काचेच्या दारात उभ्या राहून बाई म्हणाल्या. "लगेच."

"सकाळी न्हाई म्हनलीस," थोरला म्हणाला, "आन आता मरायला टेकल्यावर?"

पहिला ठोसा चेहऱ्यावरच्या प्लास्टिकच्या ढालीवर बसला. ढाल तुटली आणि तिच्या कडेने भुवई फाटली. बाई मागे कोलमडल्या, पण पडल्या नाहीत. धाकट्याने भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढलं आणि फिरवलं. त्याचा पहिला वार दारावर बसून काच खाली आली. दुसरा वार बाईंनी उजव्या हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज खाटांपर्यंत आला. सुरक्षारक्षक जिन्याने खाली पळाला. मी दाराच्या आतल्या बाजूला होतो, वही हातात होती. अंतर पाच-सहा पावलांचं होतं. मी ती पावलं टाकली तोवर मनगट मोडून झालं होतं.

थांबवलं ते नितीनच्या बायकोने. तिने थोरल्या भावाचे केस दोन्ही मुठींत धरले आणि त्याचं डोकं चौकटीवर आपटलं. "दादा, सोड! ह्यांना नळी कोण घालनार? तू घालनार का? तू?" दोघे भाऊ थांबले. घामाने भिजलेले, धापा टाकत, काचांत उभे राहिले. बाई भिंतीला टेकून सावरल्या. "सही घे तिची," एवढंच त्या सुनंदा सिस्टरला म्हणाल्या.

श्वासनलिकेची वाट उघडणारं पातं डाव्या हातात धरतात. जीभ बाजूला सारून ते उचलायचं आणि नळी उजव्या हाताने आत सरकवायची. बाईंचा उजवा हात लोंबत होता. त्या पाटावर चढल्या आणि डाव्या हाताने पातं लावलं. भुवईचं रक्त गॉगलमध्ये साठत होतं. त्यांना एकाच डोळ्याने दिसत होतं.

"सुनंदा, मी दार उघडून धरते. आत तू जा."

"मॅडम, मी कधीच घातली नाही."

"मग आज घाल. माझ्याकडे बघू नको. पांढऱ्या दोन पट्ट्या दिसायल्या? त्यांच्या मधे काळं आहे. तिथं."

पहिल्यांदा नळी अन्ननलिकेत गेली. मॉनिटर एव्हाना पुन्हा वाजू लागला होता. तो कोणीतरी बंद करायला गेलं तर बाई ओरडल्या, "वाजू दे!" दुसऱ्यांदा नळी बसली. छाती दोन्ही बाजूंनी सारखी उचलली गेली. बाई पाटावरून उतरल्या आणि तिथेच फरशीवर बसल्या. खाली पोलीस आले होते. बाईंनी त्याच संध्याकाळी रीतसर फिर्याद दिली आणि मेहुण्यांची नावं नीट सांगितली.

तिसऱ्या दिवशी प्लास्टर घालून त्या कामावर आल्या. नितीन बेशुद्ध होता, यंत्र त्याला श्वास देत होतं. आणखी दोन दिवसांनी चार नंबर गेला. सकाळी तो भरभरून बोलला होता आणि अलार्म रात्रभरात एकदाही वाजला नव्हता. म्हणून बाईंनी त्याला नाकातल्या नळ्यांवरच ठेवलं होतं. सिस्टर चहा घेऊन गेल्या तेव्हा तो सांगितल्याप्रमाणे पालथा होता. त्यामुळे झोपलाय असंच वाटलं. चहा निवल्यावर कोणीतरी त्याला हलवलं.

बाई स्वतः खाली गेल्या. चार नंबरची बायको जिन्याच्या पायरीवर बसली होती. "ताई, माझा अंदाज चुकला," बाई म्हणाल्या. "नळी आधी घालायला हवी होती." तिने त्यांच्या तोंडावर चप्पल फेकली. बाई हलल्या नाहीत. असं कबूल करायचं नसतं, हे त्यांना व्यवस्थापनाने नंतर अर्धा तास समजावलं. त्यानंतर त्यांनी पेशंटना काम विचारणं सोडलं. सकाळी बरा बोलणारा माणूसही जराशी शंका आली की दुपारपर्यंत नळीवर जाऊ लागला. त्या वाट दाखवत, सुनंदा सिस्टर नळी घालत. नळी घातलेल्यांपैकी काही वाचले, काही वाचले नाहीत. कोण कशामुळे, ते सांगता येणार नाही. वही माझ्याकडून त्यांनी पुन्हा मागितली नाही.

नळी घातल्यापासून अकराव्या दिवशी ती नितीनच्या घशातून निघाली. तो बारा-पंधरा किलोंनी उतरला होता आणि आवाज दळणाच्या जात्यासारखा झाला होता. दोन दिवसांनी, दुपारी, त्याने बाईंना खुणेने बोलावलं. मी उशाशी होतो.

"मॅडम, तो अलार्म वाजायचा. मी बंद करायचो."

बाईंनी स्टूल ओढलं.

"वाजलं की सिस्टर पळत यायच्या," तो एकेक शब्द जुळवत म्हणाला. "ज्याचं वाजतं त्याला नळी बसते. नळी बसलेला परत बोललेला मी पाहिला नव्हता."

"बटण कुठलं ते तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्या मशीनला असतं की. आमच्याकडं सेन्सर वाजला की दाबायचं, लाइन चालू ठेवायची. दहा-पंधरा मिनिटं गप्प बसतं. मग वाजायच्या आत परत दाबायचं. तुम्ही यायच्या वेळेला पालथं पडून जोरात श्वास घ्यायचो, आकडा चढायचा."

बाईंनी त्याच्या मॉनिटरवरचं ते बटण बोटाने चाचपलं.

"आणि चार नंबर?"

नितीनने तोंड भिंतीकडे फिरवलं. "त्यालाही दाखवलं होतं. घाबरत होता तो."

"इतके दिवस मला वाटायलं, माझे कान गेले," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "मला आता ऐकूच येत नाही, असं वाटायलं." त्या उठल्या, प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने सावरून धरला आणि आमच्या दोघांकडे पाहिलं. "हे त्याच्या बायकोला सांगायचं नाही. नवऱ्याने स्वतःच बटण दाबलं, हे घेऊन ती कुठं जाईल? राग माझ्यावर आहे, तो माझ्यावर राहू द्या. मला झेपतो."

दुसऱ्या दिवशी सगळ्या मॉनिटरच्या त्या बटणांवर चिकटपट्टी बसली. बाई पुन्हा पेशंटना काम विचारू लागल्या. लाट ओसरल्यावर त्यांनी रुग्णालय सोडलं. मनगट वाकडं जुळलं होतं, आणि भूल देताना मास्क घट्ट धरण्याइतकी ताकद त्या हातात उरली नव्हती. त्या अंबाजोगाईला परत गेल्या. मारहाणीचा खटला राजगुरुनगरच्या कोर्टात उभा राहिला, तेव्हा प्रत्येक तारखेला त्या एसटीने येत.

त्यांची साक्ष झाली त्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. चार नंबरची बायकोही आली होती. तिला कोणी आणलं ते कळलं नाही. मेहुण्यांच्या वकिलाने फाइल उघडून धरली.

"सकाळी नळीची गरज नाही, असं तुम्ही ठरवलंत. दुपारी पेशंट मरणाच्या दारात होता. म्हणजे निर्णय चुकला?"

बाईंनी समोर पाहिलं. चार नंबरची बायको तिसऱ्या बाकावर, पदर तोंडाशी धरून बसली होती.

"हो. चुकला."

"पाच दिवसांनी आणखी एक पेशंट याच पद्धतीने गेला. तिथेही तुमचाच निर्णय होता?"

"हो. माझाच."

नितीन शेवटच्या बाकावर होता, मी त्याच्या शेजारी. माझी साक्ष आधीच्या तारखेला झाली होती. तीत अलार्मबद्दल कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं. नितीनने पुढच्या बाकाच्या कडेवर हात टेकवला, उठताना टेकवतात तसा. त्या बाकावर त्याची बायको बसली होती, तिच्या पलीकडे तिचे दोन्ही भाऊ. थोड्या वेळाने त्याने हात काढून मांडीवर ठेवला. मी त्याला उठ म्हणालो नाही.

साक्ष टाइप होऊन आली. कारकुनाने ती वाचून दाखवली, दोन्ही उत्तरं जशीच्या तशी. मग कागद बाईंपुढे सरकवत त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, सगळं बरोबर लिहिलंय ना?

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.